आप्पांची दुनळी आणि फुकटचे सल्लागार

गंजलेली वस्तू चकचकीत केली की ती साफ झाली, असं समजणाऱ्या माणसांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. माझ्या माहेरी अशी माणसं भरपूर आहेत. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. हंगाम संपला की यंत्रं उघडतात, आणि गंजाशी कसं वागायचं ते तिथं रोज दिसतं. कसं वागायचं नाही, हे बघायला मात्र मला रजा टाकून कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी जावं लागलं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता ऐंशी उलटली आहे. घरचा ऊस आहे, उसात रानडुकरं आहेत, आणि त्या निमित्तानं आजोबांच्या वेळेपासून घरात परवान्याची एक बारा बोअरची बंदूक आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी, म्हणून सगळे तिला दुनळी म्हणतात. डुकरावर ती शेवटची कधी उडाली हे कुणाला आठवत नाही. पण नळ्यांचा रंग मला लहानपणापासून आठवतो. पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा, काळ्यात निळा.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निवडणूक संपली की परत आणायच्या. उन्हाळ्यात निवडणूक संपली. आप्पांनी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, गाडी काढ, जाऊन घेऊन येऊ. भाऊ जमिनीच्या खरेदी-विक्रीत असतो, म्हणजे दिवसभर गाडीत बसून फोनवर बोलत असतो. तो म्हणाला, उद्या. त्या उद्यात अख्खा पावसाळा गेला. बंदूक ठाण्यातल्या एका ओलसर खोलीत, कॅनव्हासच्या गवसणीत, भिंतीला टेकून उभी. गवसणीनं पाणी पीत राहायचं आणि नळ्यांना पाजत राहायचं, एवढंच काम चार महिने चाललं असणार.

गणपती झाल्यावर एकदाचे दोघं गेले. गवसणी काढली तर आत तांबडं लाकूड असावं अशी बंदूक. परवान्याचं नूतनीकरणही आलं होतं, म्हणून तिथल्या हवालदारानं ती उघडून नंबर तपासला. नळ्यांच्या खालच्या अंगाला, जिथं त्या लाकडी दस्त्याला जोडल्या जातात तिथं, नंबर ठोकलेला असतो. तिथं गंजाचा नुसता थर होता.

"सुभेदारसाहेब, लायसनवर नंबर हाय, बंदुकीवर न्हाई," हवालदार म्हणाला. "मग ही तुमचीच कशावरनं?"

त्यानं दसऱ्यापर्यंत सवलत दिली. तोवर नंबर वाचता आला तर ठीक, नाहीतर बंदूक जमा. शिवाय जाता जाता बजावलं, की खरवडून नंबर घालवलात तर तो गुन्हा, मग माझ्या हातात काही नाही. आप्पांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. जमा झालेली बंदूक अर्ज, तारखा आणि शेरे यांतून परत यायला किती वर्षं लागतात ते त्यांना माहीत होतं, आणि आपल्याकडे किती वर्षं उरली आहेत याचाही त्यांचा हिशेब पक्का होता. "एकदा गेली की माझ्या हयातीत न्हाई येत ती," ते म्हणाले. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि लागणाऱ्या सामानाची यादी केली.

यादी साधी होती. शिलाई मशिनचं पातळ तेल. बारीकात बारीक स्टील वूल, म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी नव्हे. वापरलेले मऊ टूथब्रश, जुन्या सुती धोतराचे तुकडे, रबरी हातमोजे, थोडं रॉकेल, खडू. सगळं सांगलीतल्या दुकानातून विकत घेतलं. हे सांगून ठेवते, कारण भावानं पिशवी बघताच पहिला प्रश्न विचारला तो असा, "कारखान्यातनं आणलंस व्हय?" चोरी हाच त्याला व्यवहार वाटतो.

दुसरा प्रश्न त्यानं विचारलाच नाही, सरळ निकाल दिला. "आक्का, हे चिंध्यांचं काम न्हाई. एमआयडीसीत माझा दोस्त हाय. बफिंगच्या चाकावर धरली की आरशागत हुतीया बघ. भांग पाडून घे नळीत बघून!"

"आणि नंबर?"

"नंबर काय, परत पंच मारू की वरनं!"

"आधीचा घालवायचा, वर स्वतः ठोकायचा. आणि मग हवालदारापुढं घेऊन जायची. आप्पांना कुठं बसवणार, कोठडीत की बाहेरच्या बाकावर?"

"तू प्रत्येक गोष्टीत कायदा काढतीस गं."

काढते. कारण या घरात दुसरं कुणी काढत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी बफिंगचं चाक म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे, आणि तो का, हे मी त्याला तीनदा समजावलं. नळीवरचा तो काळा-निळा रंग वरून फासलेला नसतो. बंदूक घडवणारे लोखंडावर मुद्दाम, मापानं, तो थर चढवतात. इंग्रजीत त्याला ब्ल्यूइंग म्हणतात. एका अर्थी तो शिस्तीत वाढवलेला गंजच असतो, आणि तो बेशिस्त तांबड्या गंजाला आत येऊ देत नाही. म्हणून जे चाक, जो पॉलिश पेपर, जी चिंच, जे लिंबू तांबडा गंज काढतं, ते निळा थरही काढतं. खाली उरतं ते पांढरं नागडं लोखंड. दोन दिवस चमकतं आणि पहिल्या दमट हवेत दुप्पट गंजतं. भाऊ ऐकत होता तेव्हा त्याचा अंगठा फोनवर चालूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत उजेडाला चटई टाकून मी आणि आप्पा बसलो. काडतुसं आतल्या खोलीत ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तरीही आप्पांनी बंदूक माझ्या हातात देण्याआधी स्वतः मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघितलं, करंगळी घालून चाचपलं आणि मगच म्हणाले, "मोकळी." नंतर मलाही तेच करायला लावलं. बंदूक ठाण्यातून आली होती, तिथंही मोकळी होती, वाटेत कुणी भरली नव्हती. तरी बघायचं. मला हे पटतं. माहेरातली ही एकच गोष्ट अशी आहे, की जी मी न बोलता ऐकते.

नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. लाकडाला तेल लागू नये म्हणून दस्ता बाजूला ठेवला. त्याच्यावरचा मळ घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडा केला, एवढंच. नळ्यांवर आधी कोरडा ब्रश, मग रॉकेलचं फडकं, चुलीपासून लांब, मोकळ्या हवेत. जुनं वंगण काळ्या गुळासारखं सुटून आलं. आणि मळ निघाला तसं खाली काहीतरी दिसायला लागलं. गंज सगळीकडे सारखा नव्हता. नळ्यांच्या वरच्या अंगाला जागोजाग, बोटं टेकवल्यासारखे गोल डाग होते, आणि तिथं गंज खोल गेला होता.

बोटांचेच होते. कुंकवाचे. खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, कुऱ्हाडी, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते, त्यात बंदूकही. ओलं गंध-कुंकू लावायचं आणि ते सुकून आपोआप पडेपर्यंत तसंच ठेवायचं. लोखंडाचा याहून जास्त छळ करता येत नाही.

मी तिथूनच भावजयीला हाक मारली. "अगं, ओलं कुंकू लोखंडाला लावून वर्षभर ठेवता? काही डोकं आहे की नाही?"

ती कणकेच्या हातानं बाहेर आली. "वन्सं, मी त्या बंदुकीला बोटसुदिक लावत न्हाई. मला भ्या वाटतंय तिचं. इचारा की मामंजींना, कोण लावतंय ते."

आप्पा अंगणातल्या शेवग्याकडे बघायला लागले.

मी नळ्या उलट्या केल्या. नंबरची जागा. तिथं नुसता गंज नव्हता. पिवळट, तांबडा, काळा असा खपलीसारखा थर होता, वरच्या डागांपेक्षा कितीतरी जाड. आता ही जागा बंदूक जोडलेली असताना दिसतही नाही. तिथं हळदकुंकू पोचायचं कसं?

"आप्पा, हे इथं कसं आलं?"

"नंबर हाय तिथं."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच विचारते."

"मग नंबराची पूजा नगं करायला?" आप्पांना माझा प्रश्नच खुळा वाटला. "आगं, पलटणीत शंभर रायफली एकाच तोंडाच्या. आपली कंची? नंबर असंल ती. झोपंतनं उठवून इचारला तरी सांगता आला पायजे. खंडेनवमीला मी खोलतो, पंचामृताचं बोट लावतो, हळद लावतो, कुंकू लावतो, पाया पडतो. मग लावतो परत जोडून."

"पंचामृत? म्हणजे दही?"

"दही, दूध, मध. आगं, पंचामृत काय असतंय तुला ठावं न्हाई?"

"आणि पुसत नाही?"

"देवाचं लावलेलं पुसत्यात व्हय?"

गेल्या किती खंडेनवम्या हे चाललं असेल देव जाणे. आंबट दही, गोड मध, ओली हळद, ते सगळं लोखंडाच्या दोन पट्ट्यांत दाबून बंद, आणि वर कॅनव्हासची गवसणी. जो नंबर वाचता येत नाही म्हणून बंदूक जाणार होती, तो नंबर याच माणसानं भक्तिभावानं पुरला होता. भावासाठी आणि ठाण्यासाठी मी तोंडात बरंच काही तयार ठेवलं होतं. आप्पांसमोर त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "तेल द्या इकडं." सगळ्या नळ्यांना तेल पाजलं, नंबरच्या जागेवर तेलात भिजलेली घडी ठेवली आणि नळ्या रात्रभर तशाच ठेवल्या. गंजाच्या कामात निम्मं काम तेल करतं आणि निम्मं धीर करतो. दोन्ही या गावात कमी मिळतात.

सकाळी भावजयीचा भाऊ आला. तो विट्याकडचा, दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान चालवतो, नवरात्रात गावी येतो. आमच्या भावानं त्याला रात्रीच फोन करून माझी तक्रार केली होती. पाहुणा चहा पिता पिता म्हणाला, "ताई, आमचा जलमच तेजाबात गेला. सोन्यातलं पितळ वेगळं काढतो आमी, हा तर गंज. एक थेंब. बास."

"सोनं तेजाबाला दाद देत नाही, लोखंड देतं. म्हणून नको," मी म्हटलं आणि रॉकेलची फडकी परसात दोरीवर पसरायला गेले. तेलाची, रॉकेलची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नसतात, एका ठिणगीनं पेटतात. हेही या घरात कुणाला माहीत नाही.

परत येते तर पाहुण्याच्या हातात इवलीशी बाटली, आणि चापाभोवतीच्या कडीवर शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका. धूर अजून निघत होता.

"बघा, कसं लखलखलं!" तो म्हणाला.

"आप्पा, तुम्ही समोर बसला होता ना?"

"पावना म्हनला, एकच थेंब," आप्पा म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. बंदूक गेली तरी चालेल, पाहुणा दुखावायला नको.

मी खायच्या सोड्याचं पाणी करून तो ठिपका धुतला, कोरडा केला, तेल लावलं. निळा रंग गेला तो गेलाच. पाहुण्याला मी बाटलीसकट बाहेरची वाट दाखवली. भावजय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ते चार दिवस स्वयंपाकघरात मला बरीच शांतता मिळाली.

मग खरं काम. नळ्यांचा वरचा गंज तेल आणि बारीक स्टील वूलनं निघत होता. आधी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला थोडं घासून बघितलं, निळा रंग हलत नाही ना. नाही हलला. बोटाचं वजन पडेल एवढंच घासायचं, तांबडं तेल पुसायचं, नवं तेल घ्यायचं, परत घासायचं. दाबलं की रंग जातो. जिथं गंज खोल होता तिथं खड्डे राहिले, ते राहू दिले. खड्डा गंजापेक्षा बरा.

नंबरच्या खपलीला मात्र स्टील वूल पुरेना. तिथं स्क्रूड्रायव्हर घालण्याचा मोह मलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण पोलादानं पोलाद खरवडलं की अक्षरांच्या कडा जातात आणि मग हवालदार म्हणतो तो गुन्हा घडतो. पोलादापेक्षा मऊ काहीतरी हवं होतं. मी देवघरात जाऊन ताम्हनातला तांब्याचा जुना पैसा उचलला.

"देवातला पैसा घेतलास?" आप्पा म्हणाले.

"देवानंच घाण केली आहे, देवाचाच पैसा लागणार."

आप्पा हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

तांब्याच्या कडेनं खपली तेलात चुरचुर सुटायला लागली. आधी पिवळा थर, मग काळा, मग चिवट तांबडा. भाऊ येऊन मागे उभा राहिला. "दोन दिस झालं आक्का. चाकावर दोन मिंटं लागली असती."

"तुला पावसाळाभर ठाण्यात जायला दोन मिनिटं मिळाली नाहीत. आता कुठून आली?"

तो गेला. अक्षरं दिसेनात, पण नखाला लागायला लागली. तेव्हा जागा पूर्ण कोरडी केली आणि खडू आडवा धरून वरून घासला, मग सपाट बोटानं पुसला. आमच्या स्टोअरमध्ये जुन्या भागांचे पुसट नंबर असेच वाचतात. वरचा खडू निघतो, खोबणीतला राहतो. काळ्यावर पांढरे आकडे उभे राहिले. मी एकेक मोठ्यानं वाचत गेले आणि आप्पा परवान्याकडे न बघता माझ्या आधीच पुढचा आकडा म्हणत गेले. शेवटून दुसरा तीन की आठ हे कळेना. मी परत तेल, परत पैसा, परत खडू असं केलं. तीन निघाला. आप्पांनी परवाना उघडून बघायला सांगितलं, मी बघितलं, तीनच होता. त्यांनी माझ्या हातातून नळ्या घेतल्या आणि बराच वेळ मांडीवर ठेवल्या. मी तोवर ब्रश धुऊन घेतले.

आठव्या माळेला ठाण्यात गेलो. हवालदार माणचा, म्हणजे दुष्काळी तालुक्यातला होता. मोबाईलचा उजेड टाकून त्यानं नंबर वाचला, परवान्याशी ताडला, सही केली. सगळं पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात. एवढ्यासाठी आप्पांची महिनाभर झोप गेली होती. वर तो म्हणतो, "ताई, आमच्या माणात लोखंड गंजत न्हाई. पाणीच न्हाई तर गंजतंय कशाला? हितं कोरेगावात लय लाड तुमचं." आणि मागच्या खोलीकडे बोट करून, "आमच्या बी द्या की साफ करून. वीसेक असत्याल."

"खिडकी उघडी ठेवा आणि गवसण्या काढा," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. खिडकी उघडणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी नळ्यांना तेलाचा पातळ हात फिरवून, बिनगवसणीची बंदूक कोरड्या कपाटात आडवी ठेवायची जागा केली होती. संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परत जायचं होतं. तोवर आप्पा अंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले. समोर कोयते, कुऱ्हाड, भावाच्या गाडीची किल्ली आणि दुनळी. ताटात पंचामृताची वाटी.

मी म्हटलं, "आप्पा, यंदा कुंकू दस्त्याला लावा. लाकडाला काही होत नाही."

"दस्त्याला नंबर असतो का?"

"सुकं लावा मग."

"सुकं मढ्याला लावत्यात."

त्यांनी बंदूक मोडली, आत बघितलं, "मोकळी" म्हणाले, आणि नळ्या सोडवून उलट्या मांडीवर घेतल्या. पंचामृताचं बोट त्यांनी बरोबर नंबरावर टेकवलं. मग हळद. मग कुंकू. तीन आता परत दिसत नव्हता. भाऊ मोबाईलवर फोटो काढत होता. आप्पांनी नळ्या कपाळाला लावल्या आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

मी शेजारी तेलाचं फडकं घेऊन उभी होते.

आरती झाली. आप्पांनी नळ्या माझ्याकडे दिल्या आणि भावाच्या खांद्याला धरून उठले.

"पूस," ते हळूच म्हणाले. "पर माझ्या म्होरं नगं."

ते अंगणात जाऊन शेवग्याखाली खुर्चीवर, माझ्याकडे पाठ करून बसले. भावजयीनं चहा नेऊन दिला. मी पडवीत बसून कुंकू पुसलं, दही पुसलं, कोपऱ्यात टूथब्रश फिरवला, कोरडं केलं, तेल लावलं. आठ-दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"नंबर दिसतोय न्हवं?"

"दिसतोय," मी म्हटलं. तरीही ते मागे वळले नाहीत. मी नळ्या दस्त्याला जोडून बंदूक कपाटात ठेवल्यावरच ते चहाचा रिकामा कप घेऊन आत आले.